समुद्र उशाला, कोरड घशाला

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला की पहिल्या तासात कोण येणार, हे मोशीत बसून सांगता येतं. रविवारी बाहेर जेवून पोट बिघडलेले, क्रिकेट खेळताना पाय मुरगळलेले, आणि अलीकडे ट्रेक किंवा ‘ॲडव्हेंचर’ करून आलेले. मागच्या मार्चमधल्या अशाच एका सोमवारी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारा तिशीचा तरुण आला. खांदे आखडलेले, ओठ फुटलेले, डोकं जड. खुर्चीत बसता बसता म्हणाला, “डॉक्टर, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झालाय.”

शनिवार-रविवार तो मित्रांबरोबर कोकणात कयाकिंगला गेला होता. कयाक म्हणजे एका-दोघांनी बसून दोन्ही बाजूंनी वल्हवायची अरुंद, लांब होडी. सकाळी नऊला निघाले, दुपारी दोनला परतले. येताना समोरून वारा लागला म्हणून तासभर जास्त वल्हवावं लागलं. पाच तास ऊन, घाम आणि खारे शिंतोडे. “पाणी किती होतं बरोबर?” मी विचारलं. “एक लिटरची बाटली होती, दोघांत.” नेणाऱ्यांनी एवढीच दिली होती आणि यानेही जास्त मागितली नाही. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.६ आणि स्नायूंच्या झिजेचं सीपीकेही वाढलेलं. सलाइन लावलं, दोन दिवसांत आकडे खाली आले आणि गडी कामावर गेला. हेच पाच तास मे महिन्यातले असते, किंवा त्याला आधीपासून मूत्रपिंडाचा काही त्रास असता, तर एवढ्यावर भागलं नसतं.

या वर्षी जानेवारीत तो पुन्हा आला, पण आजारी म्हणून नाही. आता त्यांच्या सहा जणांच्या गटाला हरिहरेश्वरहून निघून बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्लेमार्गे हर्णैपर्यंत दोन दिवसांत जायचं होतं. मागच्या वेळची अद्दल लक्षात होती, म्हणून मोबाइलवर एक यादीच तयार करून आणली होती. पाणी गाळणारी ‘फिल्टर बाटली’, उन्हावर चालणारं ऊर्ध्वपातन यंत्र, हातपंपाचं छोटं यंत्र, पावसाचं पाणी साठवायची ताडपत्री. आणि शेवटी एक प्रश्न: सोसायटीत एकाने नवा आरओ घेतलाय, त्याचा जुना आरओ बॅटरीवर लावून नेला तर चालेल का?

मला ही यादी वाचून हसू आलं नाही. नोव्हेंबर २०१९ पासून ज्या शहरात दिवसाआड पाणी येतं, ज्या मोशीत टँकरच्या हॉर्नवर सोसायटीचं वेळापत्रक ठरतं, तिथल्या माणसाला पाणी म्हटलं की यंत्रच आठवणार. पवना, आंद्रा, भामा आसखेड ही नावं आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. इंद्रायणी इथून जवळच वाहते आणि तिचं पाणी थेट तोंडाला लावायची कोणाची हिंमत नाही. तरीही त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कयाकमध्ये बसून पाणी ‘तयार’ करायच्या भानगडीत पडू नका. पाणी घेऊन जा, आणि पुढचं पाणी कुठे भरणार हे निघण्याआधी जमिनीवर ठरवा. आणि जे पैसे घेऊन लोकांना समुद्रात नेतात, त्यांच्याकडून पाण्याचा हिशेब सक्तीने मागितला पाहिजे.

आधी समुद्राचंच पाणी. “अगदीच वेळ आली तर दोन घोट घेतले तर काय बिघडतं?” हा प्रश्न मला या गटातल्या दोघांनी वेगवेगळा विचारला. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपण रुग्णाला लावतो त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताचा खारेपणा तेवढाच आहे. म्हणजे समुद्र आपल्या रक्ताच्या जवळजवळ चौपट खारा. जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं, पण मूत्रपिंड लघवी किती दाट करू शकतं याला मर्यादा आहे. एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ आणि शरीरातला रोजचा युरिया बाहेर काढायला सुमारे दीड लिटर लघवी लागते. वरचं अर्धा लिटर कुठून येणार? तुमच्याच पेशींमधून. शिवाय आतड्यात गेलेलं खारं पाणी जुलाब करतं, ते वेगळंच. लघवी पिण्याचे सल्लेही हल्ली व्हिडिओंमधून फिरतात. तिथेही हेच गणित लागू आहे: शरीराने बाहेर टाकलेले क्षार पुन्हा आत घ्यायचे.

या वादाला एक इतिहास आहे. १९५२ मध्ये अलँ बोंबार नावाचा फ्रेंच डॉक्टर हवा भरलेल्या रबरी होडीतून ६५ दिवसांत अटलांटिक पार करून गेला आणि थोडं थोडं समुद्राचं पाणी पिऊन माणूस तग धरू शकतो असं त्याने मांडलं. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, हानेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर तोच महासागर घडीच्या कयाकमधून ७२ दिवसांत ओलांडून गेला. त्याची भिस्त पावसाच्या पाण्यावर होती आणि बोंबारचं म्हणणं त्याने ठामपणे खोडून काढलं. आजचं वैद्यक लिंडेमानच्या बाजूने आहे. गोड्या पाण्यात खारं मिसळून ‘पुरवठा वाढवणं’ हीसुद्धा फसवणूकच, कारण त्याने पाणी वाढत नाही, मीठ वाढतं.

आता आरओ. या प्रश्नाचं उत्तर चाकणच्या हायड्रॉलिकवाल्यांना एका मिनिटात समजेल. पडद्याच्या एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गोडं ठेवलं, तर गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं. ते उलट ढकलायला दाब लागतो. समुद्राच्या पाण्यासाठी हा दाब नुसता बरोबरीला आणायलाच सुमारे २७ बार लागतात, आणि कामाचा प्रवाह हवा असेल तर ५५ ते ७० बार. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. स्वयंपाकघरातल्या आरओचा पंप पाच-सात बारचा. त्यामुळे तो जुना आरओ समुद्रावर नेला तर पंप घरघरेल, पडदा खराब होईल आणि गोडं पाणी थेंबभरही येणार नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. समुद्र म्हणजे ३५,०००. बोअरवेलच्या हजार-बाराशेवर चालणाऱ्या यंत्राकडून ही अपेक्षा ठेवणं म्हणजे स्कूटरला ट्रेलर जोडणं.

समुद्राचं पाणी गोडं करणारी हातपंपाची यंत्रं आहेत, ती खरी आहेत आणि चालतातही. जीवरक्षक तराफ्यांवर ठेवण्यासाठी ती बनवली जातात. वजन किलोभर, आणि मिनिटाला चाळीसेक वेळा दांडा दाबत राहिलं तर तासाला जेमतेम लिटरभर पाणी. किंमत लाखाच्या घरात. त्या तासभरात उन्हात हात चालवून किती घाम जाईल हा हिशेब करा. महासागर ओलांडणाऱ्याला हे यंत्र जीव की प्राण असेल. जिथून नारळाच्या वाड्या दिसत राहतात अशा पाण्यात त्याचा उपयोग काय?

फिल्टर बाटलीबद्दल मात्र गैरसमज धोकादायक आहे. तिच्यातल्या पोकळ तंतूंची छिद्रं एक दशांश मायक्रॉनच्या आसपास असतात. त्यात गाळ अडकतो, जिवाणू अडकतात, अमिबासारखे जीव अडकतात. विरघळलेलं मीठ आरपार जातं. विषाणूही बरेचसे जातात. ‘कोणत्याही पाण्याला पिण्यायोग्य करते’ ही जाहिरात वाचून कोणी ती समुद्रात बुचकळली तर बाहेर येईल ते स्वच्छ गाळलेलं समुद्राचंच पाणी.

राहिलं ऊन आणि आग. पाणी तापवून वाफ करायची आणि ती थंड करून गोडं पाणी मिळवायचं ही कल्पना फार जुनी. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते. ट्रेकिंगच्या छोट्या स्टोव्हचा २३० ग्रॅमचा गॅस अर्धा वाया गेला असं धरलं तर एका डब्यात जेमतेम दोन लिटर पाणी हाती येतं. दोन लिटर पाणी सरळ भरून नेलं तर त्याचं वजन दोन किलो, आणि त्यावर खटाटोप शून्य. उन्हाचंही तसंच. कोकणातल्या उन्हाळ्यात चौरस मीटरवर दिवसाला वीसेक मेगाज्यूल ऊर्जा पडते. सगळी वापरता आली असती तर आठ लिटर मिळाले असते, पण जमिनीवर नीट बांधलेलं काचेचं संयंत्रही दोन ते चार लिटरच देतं. लाटांवर हेलकावे खाणारी फुग्याची पिशवी त्याहून कमी. याच तत्त्वावर मोठ्या प्रमाणात मात्र आपल्या शास्त्रज्ञांनी चांगलं काम केलं आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. वरचं कोमट समुद्रजल कमी दाबाखाली वाफेत बदलायचं आणि खोलातून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ थंड करायची. पण त्याला शेकडो मीटर खोल जाणारा पाइप लागतो. तो कयाकला बांधता येत नाही.

मग पाऊस आणि झरे. यादीतल्या ताडपत्रीबद्दल मी त्याला विचारलं, “तुम्ही जाताय कधी?” “फेब्रुवारीत.” इथेच परदेशी सल्ला आणि आपला किनारा यांची फारकत होते. नॉर्वेत किंवा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कयाकवाल्याला दर काही मैलांवर डोंगरातून उतरणारा थंड ओढा भेटतो आणि हंगामातही पाऊस पडतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद असतात. ज्या महिन्यांत कयाक घालता येते त्या महिन्यांत ताडपत्रीवर पडली तर धूळ पडेल.

ओढ्यांचं म्हणाल तर जानेवारीनंतर बहुतेक पऱ्हे आटतात. उरल्या खाड्या. नकाशावर सावित्री, भारजा, जोग अशा नद्या दिसतात आणि शहरातल्या माणसाला वाटतं, नदी म्हणजे गोडं पाणी. पण किनाऱ्यालगतचा नदीचा भाग भरतीचा असतो. वाशिष्ठीवर भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते, म्हणून तर जुन्या काळी गलबतं तिथवर जायची. उन्हाळ्यात वरून येणारा प्रवाह मंदावला की खारं पाणी आणखी आत सरकतं. खाडीचं पाणी जिभेला कमी खारट, मचूळ लागलं तरी त्यात मीठ पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट असतं. शिवाय काठावरच्या गावांचं सांडपाणी त्यातच उतरतं.

तरीही समुद्रात गोडं पाणी असतं, आणि ते आपल्याच माणसांनी शोधून ठेवलं आहे. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. चहूकडे समुद्र असलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. गाइड त्याला चमत्कार म्हणतात. मला त्यातलं विज्ञान चमत्कारापेक्षा जास्त आवडतं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्याहून थोडं हलकं, हजाराला पंचवीसच्या फरकाने. त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. सच्छिद्र जमिनीत समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं असतं, असा हा नियम आहे. भेगाळलेल्या खडकात गणित इतकं सरळ चालत नाही, पण तत्त्व तेच. कवरत्तीसारखी प्रवाळबेटं पिढ्यान् पिढ्या याच भिंगावर जगली.

नियमाची दुसरी बाजू मात्र गाइड सांगत नाही. वरची पातळी उपसून एक मीटर खाली नेली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं. घागरीने शेंदणाऱ्या गावाची विहीर शतकानुशतकं गोड राहते. तिथे तीन अश्वशक्तीचा पंप, वीस खोल्यांचं रिसॉर्ट आणि शॉवर आले की ती मचूळ व्हायला लागते. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत हे घडतं आहे, आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांवर टँकर फिरतो. तीन हजार मिलिमीटरच्या प्रदेशात! म्हणून ‘गावात मिळेल की पाणी’ असं गृहीत धरणाऱ्या पाहुण्याला माझा पहिला प्रश्न असतो, की कोणाच्या वाटणीचं? कोकणातली काकू दारात आलेल्याला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा देतेच. सहा जणांनी वीस-वीस लिटरचे कॅन तिच्या ओट्यावर मांडावेत असा त्याचा अर्थ नाही. आधी फोन करून, घरगुती राहण्याची सोय असलेल्या ठिकाणी पैसे मोजून पाणी ठरवावं. आणि कयाक, बूट, कपडे गोड्या पाण्याने विसळायची चैन तिथे तरी करू नये. ते घरी येऊनही जमतं.

मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा आणि २०१६-१७ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटर, कयाकने पार केला. त्या मोठ्या सफरीत शांजली शाही किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर सोबत होत्या. इतक्या लांबच्या सफरीतही आधार जमिनीचाच होता. किनारा धरून जायचं आणि मुक्काम जमिनीवर करायचा, एवढं पाळलं तर पाण्याचा प्रश्न निम्मा सुटतो. आपले मच्छीमार तेच करत आले आहेत. आठ-दहा दिवसांसाठी जाणारा ट्रॉलर बंदरातून निघताना बर्फ, डिझेल आणि पाणी भरतो. समुद्रात पाणी बनवू असं म्हणत कुठला तांडेल निघत नाही.

किती न्यायचं? उन्हात जोर लावून वल्हवणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो, दमट हवेत कधी त्याहून जास्त. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम मात्र वाहतच राहतो. पाण्यावर वारा लागत असल्याने तो जाणवतही नाही. स्वतःचा आकडा काढायचा सोपा उपाय आहे. तासभर सराव करा, आधी आणि नंतर कोरड्या कपड्यांत वजन करा. मधे काही प्यायला नसाल तर जितके किलो कमी, तितके लिटर पाणी गेलं. सर्वसाधारण माणसाला दिवसाच्या वल्हवण्यासाठी मी चार लिटर आणि त्यावर न फोडलेला एक लिटर राखीव असं सांगतो. संध्याकाळचा स्वयंपाक वेगळा.

यावर नेहमीचा आक्षेप वजनाचा. पाच लिटर म्हणजे पाच किलो, होडी जड होईल. ट्रेकमध्ये पाच किलो पाठीवर येतात, कयाकमध्ये ते पाणी उचलतं. तळाशी, बैठकीच्या जवळ ठेवलेलं वजन होडीला उलट स्थिर करतं. एकच मोठा जार मात्र नको. दोन-दोन लिटरच्या चार-पाच पिशव्या किंवा बाटल्यांत विभागा, म्हणजे एक फुटली तरी बाकी राहतं. एक हाताशी, दोरीला बांधलेली. होडी उलटली तर जे बांधलेलं असतं तेवढंच तुमचं.

नुसतं पाणीही पुरेसं नाही. घामाबरोबर मीठ जातं. चार-पाच तास घाम गाळून वर फक्त साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि मग सोबती आणखी पाणी पाजतात. म्हणून पाण्यातला काही भाग जलसंजीवनीचा असू द्या. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर जे मीठ-साखरेचं पाणी वापरलं, त्याचीच ही पुडी. एक पुडी एका लिटरला, अर्ध्या लिटरला नाही. दाट केली की ती तहान वाढवते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत आणि किनाऱ्यावर उतरल्यावर भाताची पेज, हे आपल्याकडचे उपाय उत्तम आहेत. ‘ओआरएस’च्या थाटात विकली जाणारी गोड पेयं मात्र जलसंजीवनी नव्हेत.

भरलेलं पाणी शुद्ध आहे का, हा प्रश्न पुणे परिसरात २०२५ नंतर कोणाला समजावून सांगावा लागू नये. त्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आले, पुढे पिंपरी-चिंचवडमध्येही आढळले, आणि संशयितांचा आकडा दोनशेवर गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे वळलं. खासगी आरओ प्रकल्पांवरही कारवाई झाली. कोपऱ्यावरच्या गाळ्यातून मिळणारा बिनसीलचा थंड जार म्हणजे शुद्ध पाणी, हा आमच्या पट्ट्यातला समज तेव्हा जरा हलला होता. आता पुन्हा जागेवर बसला आहे. विहिरीचं किंवा गावच्या नळाचं पाणी घ्याल तर खळखळून एक मिनिट उकळा. ते शक्य नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी गाळा, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. फिल्टर बाटली इथे कामाची, पण कावीळ करणारे विषाणू तिला चुकवू शकतात, म्हणून क्लोरीन हवंच. आणि क्लोरीन मीठ काढत नाही, हे पुन्हा एकदा.

एक गोष्ट यादीत कुठेच नव्हती, ती गटातल्या एका मुलीने फोनवर विचारली. मागच्या सफरीत ती सकाळपासून मुद्दाम पाणीच प्यायली नव्हती, कारण किनाऱ्यावर स्वच्छतागृह नव्हतं. हे माझ्याकडे कारखान्यातल्या बायकाही सांगतात: लाइनवरून दोनदा उठलं तर सुपरवायझर बघतो, म्हणून पाणी कमी. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, चक्कर यामागे दर वेळी जंतू शोधत बसावं लागत नाही. समुद्रसफरीत दर दोन तासांनी गावाजवळ उतरायचा थांबा ठरलेला असेल, तर त्या मुली पाणी पितील. पाण्याच्या नियोजनात उतरण्याची जागाही धरावी लागते, ही गोष्ट पुरुष आयोजकांच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आली नव्हती.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. सुरक्षेचं भान त्यातून वाढावं हा हेतू चांगलाच. पण किनाऱ्यावरचं चित्र असं आहे, की लाइफ जॅकेटशिवाय तुम्हाला होडीत बसू देत नाहीत, पाण्याशिवाय बसू देतात. अर्ध्या तासाच्या फेरीला मी काही म्हणणार नाही. ज्या सफरी दोन तासांहून लांब आहेत, तिथे माणशी किती लिटर, राखीव किती, मधे कुठे भरणार आणि वारा फिरला तर किती तास जास्त धरलेत, एवढ्या चार गोष्टी नोंदवहीत लिहिलेल्या असाव्यात आणि निघण्याआधी वाचून दाखवाव्यात. याचा खर्च एका पानाचा आहे. आयोजक म्हणतील, लोक स्वतःच पाणी आणत नाहीत. खरं आहे. लोक लाइफ जॅकेटही आणत नव्हते.

लिटरभराच्या विकतच्या बाटल्यांचे खोके हा मात्र यावरचा उपाय नव्हे. प्रत्येकी पाच म्हणजे सहा जणांच्या दोन दिवसांत साठ बाटल्या, आणि त्यातल्या किती परत येतात हे वेळासच्या कासवांच्या किनाऱ्यावर सकाळी चालून पाहिलं की कळतं. जाड प्लास्टिकचे पुन्हा भरता येणारे कॅन घ्यावेत, सावलीत ठेवावेत.

आमच्या गटाने यादीतली यंत्रं खोडली. हातपंपाचे वाचलेले पैसे एका जास्तीच्या दिवसाला लावले, म्हणजे रोजचं वल्हवणं तीन-साडेतीन तासांवर आलं. केळशीत आणि आंजर्ल्यात राहायची घरं ठरली आणि तिथल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी कधीपर्यंत असतं हेही त्यांनी विचारून घेतलं. निघायचं शनिवारी पहाटे होतं. त्या आठवड्यात आमच्या भागात पाण्याचा दिवस गुरुवार होता, तेव्हा गुरुवारी संध्याकाळीच सहा जणांचे तीस लिटर भरून, उकळून, झाकून सोसायटीच्या जिन्याखाली ठेवले. शुक्रवारी सकाळी त्यातला एक कॅन कोणीतरी टँकरचा समजून कुंड्यांना घातला होता. तो पुन्हा भरावा लागला.